मळमळ सोसायची नसते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार बायकांपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला पानसुपारी वाटावी, भजनाला मागच्या रांगेत बसून टाळ धरावा, एवढाच आजवर माझा मंडळातला वाटा. त्यामुळे चिटणीसबाईंनी "आईच्या आजारपणात तुम्ही जे शिकलात ते सांगा" असे म्हटले तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. पण गेल्या दोन वर्षांत आपल्याच गल्लीतल्या तीन घरांतून बायका माझ्याकडे येऊन गेल्या. दुपारी, दार लोटून घेऊन, हळू आवाजात विचारायच्या, "तुमच्या आईला उलट्या होत होत्या, तेव्हा तुम्ही काय केलंत?" प्रत्येकीला मी तेच सांगितले. मग मनात आले, दार लोटून तीन वेळा सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांसमोर उघडपणे सांगावे हे बरे.

आईला विचारले. ती म्हणाली, "सांग की. पण माझं नाव घेऊ नकोस, आन् तुझी चूक झाकू नकोस." तेव्हा तिचे नाव घेत नाही, आणि माझी चूकही झाकत नाही.

माझी आई तासगाव तालुक्यातल्या खेड्यात राहते. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. गाठ कॅन्सरची निघाली. आता सलाईनमधून औषध द्यावे लागेल, दर एकवीस दिवसांनी एक असे चार वेळा लाल औषध, आणि त्यानंतर दर आठवड्याला दुसरे औषध बारा वेळा, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. इस्पितळ मिरजेला. खेड्यातून ये-जा करण्यापेक्षा सांगलीत आमच्याकडे राहून दहा-अकरा किलोमीटर जाणे सोयीचे, म्हणून मी तिला घरी आणले. खर्चाचा बराच भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हलका झाला. त्यामुळे पैशाची चिंता फार नव्हती. चिंता होती ती एका पितळी तस्ताची.

त्या तस्ताची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. १९८७ साली माझ्या थोरल्या मावशीला हाच रोग झाला होता. तिला मुंबईला नेऊन औषध देत. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मुंबईहून आली की मावशी आमच्या माजघरात निजायची आणि उशाशी एक पितळी तस्त असायचे. दिवसाकाठी पंधरा-वीस वेळा ती उठून बसे. पोटात काही नसले तरी पिवळे पाणी पडेपर्यंत ओके. आई तिची पाठ चोळायची. दोन वेळा औषध घेतल्यावर मावशीने हात जोडले, "मरण आलं तरी चालेल, पण हे नको." तिने औषध सोडले. १९८८ साली ती गेली. रोगाने गेली हे खरे, पण आमच्या घरात सगळे म्हणत, "ओकून ओकून गेली." आईच्या मनात ते तस्त छत्तीस वर्षे तसेच राहिले होते. माझ्याकडे आली त्या दिवशी तिने पहिला प्रश्न केला तो औषधाचा नव्हे. "पोरी, तस्त कुठं ठेवायचं?" असे तिने विचारले.

आता माझी चूक सांगते.

जानेवारी २०२३ मध्ये पहिले लाल औषध दिले. त्याआधी शिरेतून उलटी थांबवणारे औषध दिले होते. सिस्टरने घरी द्यायच्या गोळ्यांची पुडी हातात दिली आणि सांगितले, "उलटी होवो न होवो, या गोळ्या वेळच्या वेळी द्यायच्या." त्यांत एक गोळी चार रात्री निजताना द्यायची होती. आई संध्याकाळी घरी आली ती चांगली चालत आली. मला एवढा आनंद झाला की तिला आवडते म्हणून मी पुरण घातले, कटाची आमटी केली. तिने अर्धी पोळी आणि वाटीभर आमटी खाल्ली. आम्ही म्हटले, देव पावला.

रात्री माझा भाचा भेटायला आला होता. तो शिकलेला मुलगा. त्याने रात्रीच्या गोळीचे नाव मोबाइलवर पाहिले आणि म्हणाला, "आत्या, ही तर मानसिक आजाराची गोळी आहे. आजीला कशाला देतेस?" माझ्या छातीत धस्स झाले. माझी आई वेडी थोडीच आहे! शिवाय उलटी नाही, मळमळ नाही, मग उगाच गोळ्या कशाला, अंगात उष्णता होईल, असे मनात आले. मी ती पुडी कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारावे, एवढे सुचले नाही. खरे म्हणजे संकोच वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उलट्या सुरू झाल्या. आणि भगिनींनो, आईने ते माझ्यापासून लपवले. मोरीत जायची, नळ मोठा सोडायची, म्हणजे आवाज ऐकू येऊ नये. मी विचारले की, "थोडीशीच झाली गं" म्हणायची. लेकीच्या घरी येऊन ओकत बसले तर जावयाला काय वाटेल, ही तिची लाज. मला खरा प्रकार कळला तो तिसऱ्या दिवशी. मग मी धावपळ करून गोळ्या काढल्या, पण आता पोटात घोटभर पाणी ठरेना, तर गोळी कशी ठरणार? तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेल्या माणसासारखी माझी गत झाली. चौथ्या दिवशी पहाटे ती मोरीत भोवळ येऊन बसली. आदल्या दुपारपासून लघवी झाली नव्हती. रिक्षात घालून मिरजेला नेले. दोन दिवस सलाईन लावावे लागले.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "रात्रीची गोळी दिली होती ना?" आणि मी म्हटले, "दिली होती."

हे सांगताना आजही माझी मान खाली जाते. माझ्या त्या एका शब्दावर डॉक्टरीणबाई विचार करू लागल्या की गोळ्या देऊनही एवढे झाले, तर पुढल्या वेळी लाल औषधाचेच प्रमाण कमी करावे काय. म्हणजे माझी अब्रू राहावी म्हणून आईच्या रोगावरचे औषध कमी होणार होते. रात्रभर मी तिच्या खाटेशेजारी बसून होते. सकाळी फेरीच्या वेळी पुडी पुढे केली आणि म्हटले, "बाई, मी खोटं बोलले. ही बघा, रात्रीची एकही गोळी दिलेली नाही."

मला वाटले आता खरडपट्टी निघणार. त्या रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि मला दहा मिनिटे समजावून सांगितले. त्या दहा मिनिटांत कळले ते मला समजले त्या शब्दांत तुम्हाला सांगते.

आपण समजतो की उलटी म्हणजे पोट बिघडले. म्हणून लंघन करवतो, मेतकूट-भात देतो. पण या औषधाने होणारी उलटी पोट बिघडल्याची नव्हे. औषधाने आतड्याच्या अस्तराला चीड येते, तेथून एक द्रव्य सुटते, आणि त्याचा निरोप मज्जातंतूवाटे मेंदूला पोचतो. औषध रक्तातूनही मेंदूला डिवचते. मेंदूत उलटीचा हुकूम देणारी जागा आहे, ती हुकूम सोडते. तेव्हा पोट रिकामे ठेवले म्हणून ही उलटी थांबत नाही. थांबवायची तर निरोपच अडवावा लागतो, आणि तो अडवायचे काम गोळ्या करतात. निरोप पोचून हुकूम सुटल्यावर अडवणे फार कठीण. म्हणून गोळी उलटीच्या आधी द्यायची.

दुसरी गोष्ट अशी की ही उलटी दोन हप्त्यांत येते. पहिला हप्ता औषध दिल्यापासून चोवीस तासांत. तो इस्पितळात दिलेल्या औषधाने बहुधा आवरतो. दुसरा हप्ता दुसऱ्या दिवसापासून चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत. पहिल्या दिवशी माणूस हसतखेळत घरी येतो, आपण निर्धास्त होतो आणि नेमके तेथेच फसतो. घरी दिलेल्या गोळ्या या दुसऱ्या हप्त्यासाठी असतात.

तिसरी गोष्ट त्या रात्रीच्या गोळीची. तिचे नाव ओलान्झापिन. ती मानसिक आजारावर देतात हे खरेच. पण तीच गोळी थोड्या प्रमाणात, थोडे दिवस दिली की उलटीचा आणि मळमळीचा निरोपही अडवते. आपल्या घरातली हळद आमटीतही पडते आणि जखमेवरही लागते, म्हणून आमटी खाणारा जखमी ठरतो काय? तसेच हे. तिने झोप आणि गुंगी येते, म्हणून ती निजताना द्यायची आणि रात्री म्हाताऱ्या माणसाला मोरीकडे एकटे जाऊ द्यायचे नाही, एवढी काळजी घ्यायची.

आणि चौथी गोष्ट मावशीची. आईने डॉक्टरीणबाईंना तस्ताची हकीकत सांगितली आणि म्हणाली, "मला दुसरं औषध न्हाई घ्यायचं. भन गेली तशी मी जाईन." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या बहिणीच्या वेळी आजच्या गोळ्या नव्हत्याच. ओन्डान्सेट्रॉन नावाची गोळी निघाली ती १९९० च्या सुमारास. तेव्हाचे डॉक्टर उलटी पुरती थांबवू शकत नव्हते. आज बहुतेकांची आम्ही पुष्कळ आवरू शकतो. तुमच्या बहिणीला सोसावं लागलं. तुम्ही सोसायचं नाही, आम्हाला सांगायचं." आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एक डाव बघते."

तो 'एक डाव' साधायचा तर सारी भिस्त माझ्यावर होती. आता आम्ही पुढे काय केले ते सांगते. तुमच्यापैकी कोणाला उपयोग झाला तर माझे भाषण सार्थकी लागले.

गोळ्यांची इंग्रजी नावे मला भराभर वाचता येत नाहीत, सातवीनंतर शाळा सुटली. म्हणून सिस्टरकडून समजून घेऊन मी तीन डब्या केल्या. सकाळच्या डबीवर सूर्य काढला, दुपारच्या डबीवर ताट काढले, रात्रीच्या डबीवर चंद्र. औषधाच्या दिवसापासून पाच दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तेच सूर्य-चंद्र काढून ठेवले. गोळी दिली की खूण. शेजारी किती उलट्या झाल्या, लघवी किती वेळा झाली, शौचाला झाले की नाही, तेही टिपले. पुढल्या खेपेला ते पान फाडून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले. त्या म्हणाल्या, "मोठ्या कागदावर नसतं एवढं या पानावर आहे." गोळी दिल्यावर थोड्याच वेळात ती उलटून पडली तर पुन्हा द्यायची की नाही, हे आपल्या मनाने ठरवायचे नाही. मी तो प्रश्न आधीच विचारून पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता आणि इस्पितळाचा फोन नंबरही.

शौचाचे मुद्दाम सांगितले, कारण उलटीच्या काही गोळ्यांनी मलावरोध होतो आणि कोठा जड झाला की मळमळ वाढते. ते सांगायला बायका लाजतात. सांगावे, त्यावरही औषध देतात. काही गोळ्यांनी साखर चढते. घरात मधुमेही माणूस असेल तर तेही आधी सांगावे.

आता स्वयंपाकाकडे येते. पहिली शिकवण कटाच्या आमटीने दिली. माझी आई जन्मभर कटाची आमटी आवडीने खात आली. पण त्या दिवशी ती खाऊन पुढे उलट्या झाल्या, आणि तेव्हापासून आजपर्यंत तिने ती तोंडाला लावलेली नाही. वासही नको म्हणते. मन त्या पदार्थावर दोष ठेवते. तेव्हा औषधाच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस आपल्या माणसाचा आवडता पदार्थ करू नका. मायेपोटी आपण करतो, आणि त्याची आवड कायमची घालवून बसतो. त्या दिवसांत साधेच द्यावे.

दुसरी शिकवण म्हणजे वास. तोंडापेक्षा नाक आधी ओकते. लसणाची फोडणी, तळण, उकळते दूध, माझ्या डोक्याचे तेल, ह्यांच्या दाढीचा साबण, उदबत्तीसुद्धा, आईला काही म्हणता काही सोसेना. मी फोडणीचे सारे काम ती आंघोळीला किंवा गच्चीवर गेली की उरकू लागले. अन्न गरम वाफाळते न देता कोमट किंवा गार करून दिले, कारण गार अन्नाला वास कमी. दहीभात, तोही घरी विरजलेल्या ताज्या दह्याचा. मऊ मुगाची खिचडी, फोडणी न देता. तांदळाची पेज. भाकरीचा पापुद्रा तव्यावर कडक करून. आणि आपले सांगलीचे चिरमुरे! भडंग नव्हे, नुसते कोरडे चिरमुरे. पहाटे अंथरुणातून उठण्याआधी ती मूठभर चिरमुरे खाई, मग हळूहळू उठे. रिकाम्या पोटी उठले की मळमळ जास्त, हे तिनेच शोधून काढले.

ताटभर वाढायचे नाही. मी वाटीत दोन घास वाढे, दर दोन तासांनी. पाणी जेवताना भरपूर न देता मधल्या वेळी घोट घोट. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, साळीच्या लाह्यांचे पाणी, नारळपाणी, औषधाच्या दुकानातली मीठ-साखरेची पुडी, जे त्या दिवशी रुचेल ते. आल्याचा तुकडा मीठ लावून चोखल्याने तिला बरे वाटे. काहींना वाटते, काहींना नाही. पण आले हे गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नव्हे. गावाकडून एकाने काढ्याची बाटली आणून दिली, "उलटी हमखास बंद" म्हणून. मी एकदा पोळले होते, आधी डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांनी "सध्या नको" म्हटले, बाटली तशीच परत केली. देणाऱ्याला थोडा राग आला. येऊ दे.

जेवल्यावर लगेच आडवे निजू द्यायचे नाही, पाठीशी उशी देऊन बसवायचे. उलटीनंतर मीठ घातलेल्या कोमट पाण्याने चूळ भरायची. आणि एक गोष्ट आपण बायका कधी मनावर घेत नाही ती सांगते. औषध दिल्यापासून साधारण दोन दिवस उलटी, लघवी यांतून ते औषध बाहेर पडत असते. ते साफ करताना हातात रबरी मोजे घालावेत, भांडे भरपूर पाण्याने धुवावे, तिचे भरलेले कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. घरात गरोदर लेकसून असेल तर तिने ते काम करू नये. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी तांबूस होते, ते रक्त नव्हे, घाबरू नये.

दुसऱ्या औषधानंतर काय झाले? दुसऱ्या रात्री एकदा उलटी झाली, मळमळ तीन दिवस राहिली. पण पाणी ठरले, गोळी ठरली. चौथ्या दिवशी आई अंगणात खुर्ची टाकून शेंगा फोडत बसली होती. मी तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतले.

त्या दुसऱ्या रात्रीचीच गोष्ट. आई नेहमीप्रमाणे लपूनच मोरीकडे निघाली होती. आमच्या घरचे जागे होते. ते काही बोलले नाहीत. मोजे घातले, बादली तिच्यापुढे धरली आणि झाल्यावर स्वतः धुऊन आणली. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "जावईबापू, हे काय करताय?" ते म्हणाले, "माझी आई असती तर केलं नसतं का?" त्या रात्रीनंतर तिने नळ सोडून आवाज लपवणे बंद केले. गोळीइतकाच त्याचा उपयोग झाला असे मी म्हणेन, कारण लपवलेली उलटी मला टिपता येत नव्हती, आणि टिपली नाही तर डॉक्टरांना सांगता येत नव्हती.

तिसऱ्या वेळी नवीनच प्रकार. मिरजेला इस्पितळाच्या दारात रिक्षा थांबली, फिनेलचा वास आला, आणि आईला तेथेच उलटी झाली. अजून सुई टोचलेली नव्हती! मला वाटले, ही मनाची समजूत आहे, आणि मी जरा चिडून बोललेही. डॉक्टरीणबाईंनी मलाच समजावले की ही सोंगे नव्हेत. शरीर शिकते. या वासानंतर ओकारी येते हे एकदा शिकले की नुसत्या वासाने येते. आधीच्या वेळी जितकी जास्त उलटी झालेली असेल, तितकी ही धास्ती जास्त बसते. म्हणजे पहिल्या वेळच्या माझ्या चुकीचे हे व्याज होते. चौथ्या वेळी तिला आदल्या रात्री आणि सकाळी भीती कमी करणारी एक लहान गोळी डॉक्टरांनी दिली. आम्ही मागच्या दाराने गेलो. तिने रुमालात लिंबाचे पान चुरगाळून नाकाशी धरले होते, आणि मी तिला सारा वेळ तासगावच्या गणपतीच्या रथाच्या गोष्टी विचारत बसले. त्या वेळी उलटी झाली नाही. पुढच्या बारा औषधांनी हातापायांना मुंग्या आल्या, थकवा आला, पण ओकारीचा त्रास नावापुरताच. जुलै २०२३ मध्ये ते संपले. आज आई गावी आहे, ठरल्या वेळी तपासणीला येते. पुढचे देवाच्या हाती, पण आजवरचे आपल्या हातून झाले.

घरी बसून न राहता केव्हा उठून इस्पितळ गाठायचे, तेही सांगते, हे लक्षात ठेवा. दिवसभर पाण्याचा घोटही ठरत नसेल. सात-आठ तासांत लघवी झाली नसेल. उभे राहताच भोवळ येत असेल, बोलणे असंबद्ध होत असेल. उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा काळपट रंग दिसला. पोटात फार दुखत असेल. किंवा अंगात १००.४ अंश ताप चढला, तर उजाडायची वाट पाहू नका. तापाचे विशेष जपा. या औषधाने रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा तापाची गोळी देऊन घरी निजवून ठेवणे जिवावर बेतू शकते.

शेवटी मंडळाच्या भगिनींना आणि शेजारणींना एक विनंती. आजारी माणसाच्या घरी आपण जातो ते मायेने. पण अत्तर, गजरा, डब्यात तळलेले, आणि तोंडी "खा हो, खाल्लं नाही तर ताकद कशी येणार" हे सारे घेऊन जातो. खाण्याचा आग्रह हा त्या दिवसांत छळ असतो. आणि "अमकीला फार उलट्या झाल्या, तिने औषध सोडलं" ही गोष्ट तर कोणी सांगूच नये. माझ्या शेजारच्या वहिनींनी काय केले ते पाहा. आमच्या खिडकीला त्यांची चूल लागून. आईच्या प्रत्येक औषधानंतर पाच दिवस त्यांनी सुके बोंबील भाजले नाहीत, आणि हे मला त्यांच्या मुलीकडून नंतर कळले. दुसरीने रोज दुपारी तासभर आईजवळ बसून मला झोपायला लावले. डबा आणण्यापेक्षा अशी मदत मोठी. मंडळाने एक वही ठेवावी असे मला वाटते. कोणाच्या घरी असे आजारपण आले तर इस्पितळात सोबत कोण जाईल, दुपारी कोण बसेल, याची नावे तीत लिहावीत. माझे नाव पहिले लिहा.

भगिनींनो, आपल्याला लहानपणापासून सोसायला शिकवले आहे. सोसणारी ती शहाणी, असे म्हणतात. माझी मावशी सोसून सोसून थकली आणि तिने औषध सोडले. आई सोसत होती आणि लपवत होती, तीही सोडणार होती. रोगाची भीती वाटून नव्हे, ओकारीला कंटाळून. आता ओकारीवर उपाय आहे. तो वेळेवर द्यावा लागतो आणि न लाजता सांगावा लागतो, एवढेच. ते पितळी तस्त आईने आता घासूनपुसून ठेवले आहे. यंदा गौरीच्या वेळी तिने त्यात फुले ठेवली होती.